फाळक्याजवळ अडुसष्ट

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता मरोळमधल्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर माझा भाऊ गेला. तो त्याच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. गाडी न्यूट्रलमध्ये होती आणि इंजिन चालू होतं. मागे हौद्यात खोकी भरायची होती. पावणेबारा वाजता वॉचमन गाडी पुढे घ्या म्हणून सांगायला आला, तेव्हा कळलं. दाखल्यावर वेळ वेगळी आहे. सव्वाअकरा मला नंतर कळले.

मी पोचलो तेव्हा वहिनी हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्यासमोर कारखान्याचा एक हमाल उभा होता. साधारण पंचावन्न वर्षांचा, साताऱ्याकडचा, डोक्यावरचा टॉवेल काढून हातात धरलेला. रोज दादाची गाडी तोच भरायचा. वहिनी त्याला एकच गोष्ट विचारत होती.

"त्यांनी हाक मारली नाही?"

"वहिनी, गाडी चालू हुती. काय ऐकू आलं न्हाई."

तिने हे चार वेळा विचारलं आणि त्याने चार वेळा हेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले की हृदय एकदम बंद पडलं, मिनिटाच्या आत सगळं झालं असेल, त्यांना कळलंही नसेल. वहिनीने मान हलवली. डॉक्टर गेल्यावर ती हमालाकडे बोट दाखवून मला म्हणाली, "हो खय होतो तेव्हा?"

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता. आम्ही मरोळलाच एका चारमजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. वडील मालवणकडून गिरणीत कामाला आले, गिरणी बंद पडल्यावर इकडे आले, आणि जागा आम्हा दोघांना ठेवून गेले. मी अंधेरीच्या एका सायन्स कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. मी कधी शिकवलेलं नाही, पण इमारतीत मला मास्तर म्हणतात, कारण माझ्या हातात पुस्तक असतं आणि मी हळू बोलतो. दादाला मूलबाळ नाही, मी लग्न केलं नाही. घरात तीन माणसं होती आणि खाली एक डिझेल पिकअप.

दादा या गाडीतून औद्योगिक वसाहतीतला माल न्यायचा. बहुतेक वेळा खोकी. अधूनमधून गोरेगावच्या स्टुडिओतलं सामान. एकदा आमच्या कंपाउंडमध्ये दुपारभर गाडीच्या हौद्यात एक सिंहासन होतं. तळमजल्यावरच्या आजींनी त्याला नमस्कार केला. दादाने त्यांना ते थर्माकोलचं आहे असं सांगितलं नाही.

दादा कमी बोलायचा. वीस वर्षं खिडकीच्या बाजूला इंजिन आणि रस्ता ऐकून त्याचा उजवा कान अधू झाला होता. आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्याला नीट कळायचं नाही, म्हणून तो शक्यतो बोलायचंच टाळायचा. घरात पाणी हवं असलं तर टेबलावर बोटांनी वाजवायचा. वहिनी म्हणायची, "तोंड बॅंकेत ठेवलंय काय?" आणि पाणी द्यायची.

तो गेल्यावर गाडी कारखान्यातल्या एका ड्रायव्हरने आणून कंपाउंडमध्ये नेहमीच्या जागी लावली. डिझेल गाडी बरेच दिवस नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरते, एवढं मला दादाकडून माहीत होतं. मला गाडी चालवता येत नाही. चालू करता येते. म्हणून मी रोज सकाळी दादाच्या वेळेला, म्हणजे पावणेसहाला, खाली जायचो, दरवाजा उघडून बाहेरूनच किल्ली फिरवायचो आणि दहा मिनिटं बाजूला उभा राहायचो. सीटवर बसायचो नाही. मग किल्ली उलटी फिरवून वर यायचो. वर आलो की वहिनी विचारायची, "हाक मारल्यानी आसतील मा?" मी म्हणायचो, माहीत नाही. ती चहा द्यायची. हे रोज होत असे.

तेराव्यापर्यंत सोसायटीत कोणी काही बोललं नाही. चौदाव्या दिवशी पत्र आलं.

पत्र चांगलं होतं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोतच, अशी सुरुवात होती. पुढे "तथापि" होतं. तथापिच्या पुढे असं होतं की सदर वाहन आता व्यवसायासाठी वापरात नसताना पहाटे चालू करून सभासदांच्या झोपेत व्यत्यय आणला जात आहे, तरी आवाजाचा त्रास तातडीने बंद करावा किंवा वाहन हलवावं. खाली सेक्रेटरींची सही होती. ते आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर राहतात आणि दादाच्या तेराव्याला जेवून गेले होते.

मी त्यांना भेटलो. ते म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे भाऊ होते तोवर आम्ही काही बोललो का?"

"नाही."

"कारण त्यांचा धंदा होता. पोटापाण्याचा आवाज आपण सहन करतो. आता हा नुसताच आवाज आहे."

मी विचारलं, किती? ते म्हणाले, "किती म्हणजे? पुष्कळ." मी म्हणालो, मोजून बघू का. ते म्हणाले, "बघा की." माझ्या मते त्यांनी ते गमतीने घेतलं.

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आवाज मोजायचं यंत्र आहे. टीव्हीच्या रिमोटएवढं, पुढच्या टोकाला स्पंजाचा काळा गोळा. प्रयोगशाळा सहायकाने वहीत सही घेऊन मला ते दहा दिवसांसाठी दिलं आणि बरोबर माहितीपुस्तिकाही दिली. मी पुस्तिका संपूर्ण वाचली. यंत्र आपल्या अंगापासून लांब धरावं, कारण माणसाचं अंगही आवाज परतवतं. एका जागी किमान तीनदा मोजावं. गाडीच्या आत मोजायचं तर ड्रायव्हरच्या कानाच्या उंचीवर धरावं. आणि मोजण्याआधी, ज्याचा आवाज मोजायचा ते यंत्र बंद असताना आजूबाजूची शांतता किती आहे ते लिहून ठेवावं.

आमच्याकडची शांतता चौपन्न डेसिबल निघाली. त्यात पाण्याचा पंप, कावळे आणि तिसऱ्या मजल्यावरचा रेडिओ होता.

ड्रायव्हरच्या कानाच्या उंचीवर मोजायचं म्हणून त्या दिवशी मी पहिल्यांदा दादाच्या सीटवर बसलो. सीट त्याच्या अंगाच्या बेताने मागे सरकवलेली होती, माझे पाय पॅडलपर्यंत पोचले नाहीत. इंजिन चालू, काचा वर: बासष्ट. काचा खाली: सहासष्ट. खाली उतरून बॉनेटपासून एक मीटरवर: अठ्ठ्याहत्तर. सायलेन्सरच्या तोंडाशी: ब्याऐंशी. सेक्रेटरींच्या गॅलरीत, त्यांच्या परवानगीने, त्यांच्या तुळशीच्या कुंडीशेजारी: सत्तर. मोजत असताना वरून विमान गेलं. शहाऐंशी.

मी सेक्रेटरींना आकडा दाखवला. ते म्हणाले, "विमान सोसायटीचं नाही."

हे बरोबर होतं, म्हणून मी ते वेगळ्या रकान्यात लिहिलं. आमच्या कुकरची शिट्टी अठ्ठ्याऐंशी निघाली, तीही वेगळी लिहिली. गाडी मागे घेताना एक भजनाची चाल वाजते, तीही इंजिन बंद ठेवून, किल्ली अर्धी फिरवून आणि नुसता मागचा गिअर टाकून मोजली. चौऱ्याऐंशी. ती चाल वाजू लागल्याबरोबर सेक्रेटरींची पत्नी गॅलरीत आली आणि म्हणाली, "हेच. हेच ते. दहा वर्षं हेच ऐकतोय. माझ्या स्वप्नात येतं हे."

सेक्रेटरी म्हणाले, "अगं, आपली तक्रार इंजिनाची आहे."

"तुमची असेल."

मी अहवाल लिहायला बसलो. दोन पानांचा झाला. पहिलं वाक्य असं होतं: 'उभ्या वाहनाच्या इंजिनाची घरघर पुढील ठिकाणी मोजण्यात आली.' वहिनीने कागद हातात घेऊन वाचायला सुरुवात केली आणि तिथेच थांबली.

"ह्यो शब्द काढ," ती म्हणाली.

मी बघितलं. शब्द बरोबर होता. जुन्या डिझेल इंजिनाला दुसरा इतका नेमका शब्द मराठीत नाही. पण माणसाला घरघर लागते असंही आपण म्हणतो, आणि हे मला, शब्दकोशांच्या कपाटाशेजारी बसून नोकरी करणाऱ्या माणसाला, लिहिताना सुचलं नव्हतं. मी तिथे 'आवाज' लिहिलं. 'आवाज' हा फार काही न सांगणारा शब्द आहे. वहिनीने पुढचं वाचलं.

कमिटीच्या सभेत माझा अहवाल पाच मिनिटांत मान्य झाला. भजनाच्या चालीची वायर कापायची आणि गाडी सकाळी सातच्या आधी चालू करायची नाही, असं ठरलं. गाडी हलवायचा विषय निघाला नाही. वायर मी त्याच संध्याकाळी कापली. सेक्रेटरींच्या पत्नीने वर वाटी भरून खीर पाठवली.

यंत्र परत करायला अजून चार दिवस होते. ते टेबलावर होतं. वहिनी मेथी निवडत होती. निवडता निवडता ती म्हणाली, "भावजी, त्या यंत्रान माझा एक काम होतला?"

"काय?"

"त्येंनी हाक मारली की नाय ता त्या यंत्राक कळाचा नाय. ता माका म्हायत आसा. पण मारली आसती तर मागे आयकाक इली आसती की नाय, ता तरी कळतला मा?"

मी विचार केला. हे मोजता येण्यासारखं होतं. इंजिन चालू असताना फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराशी, जिथे हमाल उभा होता, तिथे आवाज किती. आणि केबिनमधून हाक मारली तर तो आकडा किती वाढतो. वाढला तर ऐकू आलं असतं. वाढला नाही तर नसतं.

"आणि ऐकू आली असती असं निघालं तर?" मी विचारलं.

"तर तो माणूस खोटा बोललो."

"आणि नाही असं निघालं तर?"

"तर आसांदे," ती म्हणाली आणि काड्या बाजूला केल्या.

मी म्हणालो की हे आपल्या कंपाउंडमध्ये करून चालणार नाही. त्या फाटकापाशी रस्त्याचा आवाज आहे, कारखान्याची यंत्रं आहेत. परिस्थिती तीच हवी. वार कामाचा हवा, वेळ तीच हवी. म्हणजे गाडी तिथे न्यायला हवी आणि मला गाडी येत नाही.

"माका येता," वहिनी म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं. वीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. रविवारी औद्योगिक वसाहतीतले रस्ते रिकामे असतात, तेव्हा दादाने तिला शिकवलं होतं. दोघं मंडईत जातो म्हणून जायची. तिच्याकडे लायसन्सही होतं. ते गव्हाच्या डब्याखाली होतं.

"मला सांगितलं नाहीस."

"तू पुस्तक वाचत होतस."

गुरुवारी मी रजा टाकली. वहिनीने सीट पुढे ओढली, पदर खोचला आणि गाडी बाहेर काढली. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत सेक्रेटरी ब्रश करत उभे होते. ब्रश तोंडात तसाच राहिला. वेळ साडेदहाची होती, त्यामुळे त्यांना काही म्हणता आलं नाही. मी ड्रायव्हरच्या डाव्या बाजूच्या सीटवर मांडीवर यंत्र घेऊन बसलो होतो. वहिनी गिअर बदलताना दादासारखीच जरा पुढे वाकायची. त्याच्याकडूनच शिकली होती.

फाटकापाशी तो हमाल होता. आदल्या दिवशी मी त्याला जाऊन सांगितलं होतं की असं असं करायचं आहे. तो "बरं" म्हणाला होता. का, ते विचारलं नव्हतं. आज त्याने टॉवेल डोक्याला बांधलेला होता. मी त्याला म्हणालो, तुम्ही त्या दिवशी जिथे उभे होतात तिथेच उभे राहा, जे करत होतात तेच करा. ट्रॉलीवर रिकामी खोकी होती. त्याने एक खांद्यावर घेतलं आणि फाळक्यापाशी उभा राहिला.

वहिनी केबिनमध्ये. काच किती खाली होती, मी त्याला विचारलं. तो म्हणाला, अर्धी. वहिनीने अर्धी केली. इंजिन चालू. मी फाळक्यापासून एक पाऊल लांब, यंत्र अंगापासून दूर धरून. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अडुसष्ट. मी वहीत लिहिलं.

पुढे जाऊन वहिनीला सांगितलं, आता हाक मार.

"काय म्हणान?"

"'अरे' म्हण."

"त्येंका कधी कोणाक 'अरे' म्हणताना आयकलंस?"

"मग काय म्हणायचा तो?"

तिने जरा आठवलं. "'ए बाबा' म्हणायचे. ता पण कधीतरीच."

मी मागे आलो. हात वर केला. यंत्रावर अडुसष्ट. थोड्या वेळाने पुढे जाऊन विचारलं तर तिची हाक मारून झाली होती. मी म्हणालो, अजून मोठ्याने. परत आलो. अडुसष्ट. तिसऱ्या वेळी मात्र एकोणसत्तर झाले आणि मला काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं, पण पुस्तिकेत लिहिलं आहे की वाऱ्याच्या झुळकेनेही एक वाढू शकतो, आणि रस्त्यावरून नुकतीच रिक्षा गेली होती. मी 'अनिश्चित' असं लिहिलं.

हमाल खांद्यावर खोकं घेऊन हे बघत होता. म्हणाला, "मास्तर, ह्ये कशापायी?"

मी सांगितलं. वहिनीला कळून घ्यायचं आहे, की दादाने हाक मारली असती तर तुम्हाला ऐकू आली असती का.

तो म्हणाला, "दादा कवा हाक मारायचाच न्हाई."

हे मला माहीत होतं. दादा घरात पाणीसुद्धा टेबल वाजवून मागायचा. दोन दिवस विचार करून, पुस्तिका दोनदा वाचून, मी हाक मोजायला आलो होतो.

तेवढ्यात पुढे वहिनी कंटाळली असावी. बराच वेळ मी काही सांगायला गेलो नव्हतो. तिने काचेतून हात बाहेर काढून दरवाजाच्या पत्र्यावर एक थाप मारली. झालं का, असं विचारायला.

यंत्रावर क्षणभर एकाहत्तर आले आणि परत अडुसष्ट.

हमालाने खांद्यावरचं खोकं खाली ठेवलं. फेकलं नाही, नीट ठेवलं, ट्रॉलीला टेकवून. मग दोन पावलं मागे सरून हात पाठीमागे बांधून उभा राहिला. मी त्याला विचारलं, काय झालं? तो माझ्याकडे बघतच नव्हता. खोक्याकडे बघत होता.

"थाप आली ना," तो म्हणाला.

"ती विचारतेय, झालं का म्हणून."

"एक थाप म्हंजे थांबा. दोन म्हंजे चालू करा. पंधरा वर्सं आमचं असंच. खोकी मोजायला चुकली, की दादा एक थाप मारायचा. आम्ही थांबायचो. त्याचा हिशेब जुळला, की दोन मारायचा."

इंजिन चालू होतं. मी वाट पाहिली. तो सावकाश बोलला आणि मला प्रत्येक शब्द ऐकू आला, कारण मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो.

"त्या दिवशी एक थाप आली. आम्ही थांबलो. तेवढ्यात सव्वाअकराचा चहा आला. मी आन् माझा जोडीदार हमाल, दोघांनी त्या झाडाखाली बसून चहा घेतला. म्हटलं, मोजतोय दादा, नायतर फोनवर असंल. दुसऱ्या थापंची वाट बघत बसलो. वाट बघत बसलो मास्तर. काम थांबवलं हुतं आम्ही."

मी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही.

"काय सांगायचं? त्यानं सांगितलं आणि आम्ही चहा पीत बसलो, असं सांगू?"

फाळक्यापासून ड्रायव्हरच्या दरवाजापर्यंत आठ पावलं आहेत. ती मी चाललो. वाटेत मी दोन वाक्यं तयार केली. एक खरं होतं आणि एक असं, की अडुसष्ट डेसिबलमध्ये हाक ऐकू येणं शक्य नव्हतं. दुसरं वाक्यही खोटं नव्हतं. त्याला वहीतल्या आकड्यांचा आधार होता. वहिनीने ते मान्य केलं असतं, "आसांदे" म्हणाली असती, आणि हमालाची सुटका झाली असती.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"काय ता खरा सांग," ती म्हणाली.

मी खरं सांगितलं. तिने ते पुरतं ऐकून घेतलं. मग खाली उतरली, मागे गेली. हमाल तसाच हात पाठीमागे बांधून उभा होता. तिने त्याला विचारलं, "कशी होती थाप? जोरात होती?"

"न्हाई. रोजच्यागत."

"घाईत मारल्यासारखी?"

"न्हाई वहिनी. रोजच्यागत हुती, म्हणून तर..."

वहिनी थोडा वेळ त्या दरवाजाच्या पत्र्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी थांबा म्हटलं आणि तुम्ही थांबलात."

"व्हय."

"मग तुमची काही चूक नाही." हे ती शुद्ध मराठीत म्हणाली. बाहेरच्या माणसाशी ती नेहमी तशी बोलते. आवाज साधा होता, पण ती मुठीत पदराचं टोक घट्ट धरून होती आणि ते नंतर गाडीत बसल्यावरही तिने सोडलं नाही. एका हाताने गाडी वळवली.

मी यंत्र बंद केलं होतं. मेट्रोच्या खांबांखाली सिग्नलला थांबलो तेव्हा वहिनी म्हणाली, "म्हणजे आयकाक इला होता."

"हो."

"आणि हमालांनी आयकल्यानी. थांबले." मग जरा वेळाने, "माका एक फोन करूक सुचाक नाय. मरताना पण गाडयेकच थाप मारल्यानी."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. वहिनीने आरशात त्याच्याकडे बघितलं आणि मग गिअर टाकला.

घरी आल्यावर तिने चहा केला. हाक मारली असेल का, हे तिने त्या दिवशी विचारलं नाही, त्यानंतरही विचारलं नाही. त्याऐवजी ती दादाबद्दल तक्रारी सांगू लागली, ज्या आधी कधी सांगितल्या नव्हत्या. तो चपला दारात आडव्या काढायचा. मंडईत जातो म्हणून न्यायचा आणि परत येताना खरंच भाजी घ्यायला विसरायचा, मग ती घरी येऊन मला काय सांगणार. मी हे सगळं ऐकत बसायचो. पुस्तक बाजूला ठेवून.

यंत्र मी शनिवारी परत केलं. प्रयोगशाळा सहायकाने विचारलं, काम झालं का. मी म्हणालो, झालं. त्याने वहीत माझ्या सहीसमोर 'सुस्थितीत' असं लिहिलं.

महिनाभराने वहिनीने विचारलं नाही, फक्त सांगितलं, की ती कारखान्याची फेरी धरणार आहे. आठवड्यातून तीन दिवस. मी म्हणालो, जमेल का? ती म्हणाली, "आता काय लायसन गव्हात ठेवतलंय?" पहिल्या दिवशी मी बरोबर गेलो. माल होता प्लास्टिकची बुचं, वजन फार नाही. भरायला सुरुवात करण्याआधी ती मागे गेली आणि हमालाशी काहीतरी बोलली. मी डाव्या सीटवर होतो, इंजिन चालू होतं, मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी घरी तिने सांगितलं, की एक थाप म्हणजे थांबा, हे तिने बदललं आहे.

गाडी अजून आमच्या कंपाउंडमध्ये असते आणि सातच्या आधी चालू होत नाही. मागे घेताना ती काही वाजवत नाही. सीट पुढे ओढलेली आहे. मोजणीचे कागद माझ्या टेबलाच्या खणात आहेत, फाळक्याजवळ अडुसष्ट, तीनदा. मरोळच्या त्या फाटकावर आता एक थाप आली, की हमाल खोकं खाली ठेवतो आणि पुढे येऊन बघतो.